तू समजून घेशील

एप्रिलचा दुसरा आठवडा, गुरुवार, दुपारचे साडेतीन. चौथ्या मजल्यावरच्या ज्या मीटिंग रूमला आम्ही सगळे 'फ्रीज' म्हणतो, तिथे मी आणि माझा मॅनेजर समोरासमोर बसलो होतो. काचेबाहेर हिंजवडी भाजून निघत होती आणि आत मी ओढणी दंडाभोवती गुंडाळून घेत होते. त्याने लॅपटॉप अर्धवट माझ्याकडे वळवला, काय वाटलं कोण जाणे, परत स्वतःकडे फिरवला. ग्रीन टीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बारा वर्षं ओळखते मी याला. रिलीजच्या रात्री पहाटे तीनला एकाच डब्यातला गार पुलाव खाल्लाय आम्ही. वाईट बातमी सांगायची असली की हा आधी कौतुक करतो, हे मला पाठ आहे. त्यामुळे "हे वर्ष तुझ्यामुळे निभावलं गं" असं तो म्हणाला, तेव्हाच मी यंदाच्या अप्रेझलचा आकडा ओळखला. तीन. पाचापैकी तीन. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. म्हणजे अपेक्षेइतकं. म्हणजे वरणात मीठ आहे, बस्स. मग बजेट, नॉर्मलायझेशन, वरून काय आलं आणि त्याने खालून काय काय पाठवून पाहिलं, हे सगळं बोलून झालं. शेवटी लॅपटॉप मिटता मिटता तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला सांगताना मला टेन्शन आलं असतं. तुझं काय, तू समजून घेशील."

आणि मी घेतलं की समजून! मान हलवली, हसले, वर त्यालाच धीर दिला, "तुझ्या हातात तरी काय असतं रे." तो सुटल्यासारखा उठला. जाताना एसी कमी करून गेला.

संध्याकाळी भूमकर चौकात पाऊण तास गाडीत अडकले होते, तेव्हा लक्षात आलं की आपल्याला राग आलाय. आकड्याचा नाही. आकडा काय, गेली तीन वर्षं तोच आहे, त्याची सवय झाली. राग त्या वाक्याचा होता. मी समजूतदार आहे ही काही आजची गोष्ट नाही. लहानपणापासून पाहुण्यांसमोर माझं तेवढंच कौतुक व्हायचं. धाकट्याला सायकल आली, मला पुढच्या वर्षी, 'ती समजूतदार आहे.' पण समजूतदारपणा हा असा वापरता येतो, म्हणजे सहा जणांत कुणाचं कापलं तर आवाज येणार नाही हे आधीच हिशेबात धरता येतं, हे माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. पुढची बस जागची हलत नव्हती. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि त्यालाच आधी वाट मिळाली, हेही मी पाहिलं.

हा सगळा प्रकार सुरू होतो फेब्रुवारीच्या शेवटी, 'सेल्फ अप्रेझल भरा' या मेलने. पोर्टलवर सात रकाने असतात आणि प्रत्येकात चार हजार अक्षरं मावतात. चार हजार! एवढं तर मी लग्नाच्या आधी नवऱ्याला लिहिलं नाही. आपण आपल्याबद्दल लिहायचं, तेही पुराव्यानिशी. माझ्या घरात 'मी मी करू नये' हे शुभंकरोतीच्या आधी शिकवलेलं, त्यामुळे पहिली काही वर्षं मी प्रत्येक वाक्य 'टीमने' असं सुरू करायचे. मग एका वर्षी मॅनेजरने सांगितलं, टीमला रेटिंग मिळत नाही, माणसाला मिळतं, 'आय' लिही. आता लिहिते. रात्री अडीचला फोन वाजला, प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालती सिस्टीम, आडवं झालं होतं, मुलीच्या अंगात ताप होता, एका हाताने तिच्या कपाळावरची पट्टी बदलत दुसऱ्या हाताने क्वेरी चालवली. याचं पोर्टलवर काय होतं, तर 'क्रिटिकल इन्सिडन्स वेळेच्या मर्यादेत सोडवला.' बरोबरच आहे म्हणा, पट्टीचा रकाना कुठे टाकणार.

पण खरी पंचाईत निराळी. गेल्या दिवाळीत आमच्या क्लायंटकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी होती आणि त्या चार दिवसांत काहीही झालं नाही. एकही फोन नाही. ते काहीही न होणं हे माझं वर्षभराचं काम होतं. जुनी लॉग टेबलं साफ करून घेतली, दोन ठिकाणी साठवण वाढवून घेतली, एका आगाऊ बदलाला 'आत्ता नको' म्हणून भांडले. न घडलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट कसा काढणार? त्याच दिवाळीत शेजारच्या टीमचं सगळं कोसळलं. त्यांचा लीड तीन रात्री ऑफिसात झोपला, दर तासाला पन्नास लोकांना मेल टाकत राहिला आणि चौथ्या दिवशी सगळं उभं केलं. टाउन हॉलमध्ये टाळ्या त्याला. मीही वाजवल्या, कारण तो खरंच दमला होता, डोळे लाल होते बिचाऱ्याचे. माझ्या फॉर्मवर मात्र शेरा आला: 'व्हिजिबिलिटी वाढवण्यास वाव आहे.'

वाव आहे. हे शब्द मी घरात फार पूर्वी ऐकले होते.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आमचं बालपण कॉलनीतल्या दोन खोल्यांत गेलं. मागे वेड्या बाभळी, पुढे चारीचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाचं पाणी, आणि दारात अण्णांची बजाज एम-८०, जिच्या मडगार्डवर कायम चिखल वाळलेला. त्यांच्या कामाचा वास होता. ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि खाकी पिशवीतल्या सात नंबर फॉर्मांच्या गठ्ठ्याचा. पाणी मागायचं तर शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरायचा. मग आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी आलं, की शेजपाळी लावायची, कुणाची बारी किती वाजता, कुणाचं दार किती तास उघडं. उन्हाळी आवर्तनात अण्णा पंधरा-पंधरा दिवस रात्रीचे घरी नसायचे. आई भाकरी बांधून द्यायची आणि वरून बॅटरीचे दोन सेल. कागदावर शेजपाळी सरळ असते. प्रत्यक्षात चारीच्या तोंडाशी जे बागायतदार बसलेत ते दाराला खाली दगड लावतात, मोटर टाकतात, आणि पाणी शेवटाला पोचेपर्यंत त्याचा ओघळ झालेला असतो. चारीचा तो शेवट म्हणजे 'टेल'. इंग्रजी शब्द, पण आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा म्हणायची, "आमचं रान टेलला हाय, बाबा." या एका वाक्यात तिचं घर, तिची ऐपत आणि तिचं नशीब, सगळं यायचं.

अण्णांचं म्हणणं असं की पाणी आधी टेलला न्यायचं आणि मग दारं वर वर उघडत यायचं. खात्याच्या कागदावरही ते तसंच आहे. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी ते नेटाने केलं. घरी आले की पायांचे पांढरे पडलेले तळवे दाखवायचे. त्या वर्षी टेलच्या दोन गावांत भुईमूग उभा राहिला. एक जण पोतंभर शेंगा घेऊन आला, तर अण्णांनी पसाभर ठेवून बाकी परत पाठवल्या. आई आठवडाभर धुसफुसत होती, कारण शेंगा टपोऱ्या होत्या. आणि वरच्या अंगाच्या एका वजनदार बागायतदाराने साहेबांकडे जाऊन चहा घेतला. एवढंच झालं. कुणी रागावलं नाही, मेमो आला नाही, बदली झाली नाही.

दोन हजार एकमध्ये वरच्या जागेची यादी लागली, त्यात अण्णांचं नाव नव्हतं. त्यांच्या मागून आलेले दोघे होते. आस्थापनेच्या कारकुनाने टपरीवर चहा पिताना हळूच सांगितलं, "तुमच्या शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सीआरला नुसता 'चांगला' आहे हो." सीआर म्हणजे गोपनीय अहवाल. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना मार्चअखेरची ती दबकी धांदल आठवत असेल. 'अत्युत्कृष्ट', 'उत्कृष्ट', 'निश्चित चांगला', 'चांगला' अशी उतरंड असते. 'निश्चित चांगला' हा शब्दप्रयोग ज्याने शोधला त्याला माझा साष्टांग नमस्कार आहे, कारण त्यामुळे नुसता 'चांगला' म्हणजे चांगुलपणाची खात्री नसलेला, असा अर्थ आपोआप होतो. गंमत म्हणजे प्रतिकूल शेरा असता तर तो अण्णांना लेखी कळवावा लागला असता, त्यावर म्हणणं मांडता आलं असतं. पण 'चांगला' प्रतिकूल थोडाच आहे? म्हणून कळवला नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात काय होतं, तर 'लाभधारकांशी संबंध सुधारण्यास वाव आहे.' लाभधारक म्हणजे पाणी घेणारे शेतकरी. टेलची दोन गावंही लाभधारकच होती, पण ती साहेबांकडे चहाला जात नव्हती.

अण्णा कोर्टात गेले नाहीत. अर्जसुद्धा केला नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि भाषणात साहेब म्हणाले, "यांच्यासारखी समजूतदार माणसं खात्यात होती म्हणून..." पुढचं मला आठवत नाही, कारण आईने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला होता की मी तिच्याकडेच बघत राहिले. ते घड्याळ अजून चालतं, पाच मिनिटं पुढे.

पुढे २००८च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. बॉर्डर रोड्सच्या सेवेतले देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता होते, त्यांचं प्रमोशन अशाच एका 'गुड' शेऱ्यावर अडलेलं. वरच्या पदाला पाच वर्षांचे 'व्हेरी गुड' हवे होते, आणि त्यांना मिळालेला तो एक 'गुड' त्यांना कधी कळवलाच नव्हता. कोर्ट म्हणालं, शेरा कुठलाही असो, माणसाला कळवलाच पाहिजे. हव्या असलेल्या पायरीच्या खालचा 'चांगला' हासुद्धा त्याच्या दृष्टीने प्रतिकूलच. तोवर देव दत्त स्वतः निवृत्त झाले होते. पुढल्याच वर्षी केंद्राने अहवालाच्या नावातला 'गोपनीय' हा शब्द काढून टाकला. अण्णांनी त्या बातमीचं कात्रण पेन्शनच्या कागदांबरोबर फाइलमध्ये लावून ठेवलंय. कुणाला दाखवत नाहीत. मी एकदा त्यांच्या हयातीचा दाखला शोधताना पाहिलं. खाली तारीख घातलेली, बातमीतली एक ओळ लाल रिफिलीने अधोरेखित, आणि समासात त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: 'उशीर.'

तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याकडे तरी हे नाही. आपलं सगळं उघड. स्वतः लिहा, मॅनेजर लिहील, चर्चा होईल, मग तुम्ही 'ॲक्नॉलेज' दाबा. लपवाछपवी नाही. खरंच नाही. आम्हाला सगळं कळवलं जातं, आणि कळवण्याआधी ते ठरलेलं असतं, एवढाच काय तो फरक.

ते ठरतं कसं, तर कर्व्हने, घंटेच्या आकाराच्या बेल कर्व्हने. थोडे अतिशय चांगले, थोडे वाईट आणि मधे आमच्यासारख्यांचा फुगवटा. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि तळाचे दहा अशी विभागणी गाजवली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. तळाच्या दहांना नारळ. मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये असला प्रकार बंद केला, आणि नंतर आमच्याकडेही एचआरने मोठ्या थाटात मेल पाठवला की यापुढे बेल कर्व्ह नाही. केक कापला होता, मला आठवतंय, अननसाचा. आता त्याला 'डिस्ट्रिब्युशन गाइडन्स' म्हणतात. सासूला 'ममा' म्हटलं म्हणून ती काही कमी बघते का?

माझ्या पाकिटात एक नोट आहे. २०११मध्ये सहा महिने ऑनसाइट होते, स्टुटगार्टला, तिथल्या जुन्या बाजारात मिळाली. दहा मार्कांची, जर्मनीची, युरो येण्याआधीची. निळसर जांभळी. त्यावर कार्ल फ्रीडरिश गाउस हा गणिती टोपी घालून बसलाय आणि त्याच्या शेजारी चक्क बेल कर्व्ह छापलाय, सूत्रासकट. मी ती घेतली ती निव्वळ विनोदासाठी. कर्व्हने मला कधी दहा मार्क दिले असतील तर ते हेच! पण नंतर त्याबद्दल वाचलं आणि विनोदाची चव थोडी बदलली. गाउसने १८०९च्या आपल्या ग्रंथात हा कर्व्ह मांडला तो ग्रहगोलांच्या कक्षा काढताना. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली की दर वेळी थोडं चुकतं, आणि त्या चुका कशा पसरतात, ते त्याला सांगायचं होतं. म्हणजे ती घंटा मोजणाऱ्याच्या चुकांची. ग्रह आपला जिथे असायचा तिथेच असतो. नोटेच्या मागच्या बाजूला मोजणीचं यंत्र आणि जमिनीवर आखलेल्या त्रिकोणांचं जाळं आहे. अण्णांना ती नोट दाखवली तेव्हा ते चष्मा वर करून ती बाजूच बघत बसले. "सर्व्हेवाला दिसतोय," म्हणाले. आपल्या माणसासारखं म्हणाले.

आता जे लिहायचं टाळत इतका वेळ कालव्याकाठी फिरवलं तुम्हाला, ते.

गुरुवारी मी त्या फ्रीजमध्ये बसले, त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, मी त्याच खोलीत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. माझ्याही हाताखाली सहा जण आहेत आणि मलाही सांगितलं होतं की एक 'दोन' द्यावाच लागेल. सहा माणसांचा कर्व्ह! गाउस हसला असता. मी आदल्या रविवारी डायनिंग टेबलावर वही घेऊन बसले. एक जण नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेली, तिला हात लावला तर एचआर माझ्या मानेवर. एकीला क्लायंट नावाने ओळखतो. एकाकडे दुसऱ्या कंपनीची ऑफर असल्याची कुजबुज, 'दोन' दिला तर उद्या कागद टाकेल आणि जूनचं रिलीज माझ्या गळ्यात. एक जण नवा. एक जण मेल लिहिणारा. मेल लिहिणारा म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. मुद्दे क्रमांकासहित, कॉपीत चार साहेब. राहिला तो.

तो लातूरकडचा. सव्वीस वर्षांचा. वाकडला पीजीत राहतो आणि घरी उकडतं म्हणून रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसतो, असं तोच सांगतो. बसतो तेव्हा दुसऱ्यांचे बिल्ड दुरुस्त करतो. कुणाचं काय अडलंय ते त्याला माहीत असतं, पण सकाळच्या कॉलवर क्लायंटसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की म्यूट काढायला चार सेकंद लावतो, आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी बोलून टाकतो. त्याचंच काम, त्याच्याच समोर. दिवाळीहून येताना सगळ्यांसाठी आईच्या हातचा चिवडा आणतो, वर्तमानपत्रात बांधलेला, आणि पॅन्ट्रीत ठेवून गुपचूप जागेवर जाऊन बसतो. डबा कुणाचा ते आम्हाला खोबऱ्याच्या कापांवरून ओळखू येतं. मी वहीत त्याच्या नावापुढे 'दोन' लिहिलं तेव्हा खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. सुटलं बाई एकदाचं, असं.

मंगळवारी मी आधी त्याचं कौतुक केलं. मग बजेट सांगितलं. मग म्हटलं, "हे बघ, तुझ्या कामात खोट नाही, जरा व्हिजिबिलिटी कमी पडते." तो टेबलाकडे बघत ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी मी काय वेगळं करू?" हा प्रश्न चार हजार अक्षरांत न मावणारा होता. मी म्हणाले, "कॉलवर बोलत जा." आणि मग, त्याला जायला उशीर होत नव्हता, मलाच ते संपवायचं होतं, म्हणून म्हणाले, "तू समजून घेशील."

"हो मॅडम," तो म्हणाला. "थँक यू." आणि उठून त्याने आपली खुर्ची टेबलाखाली नीट सारून ठेवली. त्या खोलीत कुणी खुर्ची सारून ठेवत नाही.

गुरुवारी ट्रॅफिकमध्ये मला आठवलं ते हे. म्हणजे माझ्या मॅनेजरने ते वाक्य कुठून आणलं असेल यावर चिडत असताना मधेच कळलं की दोन दिवसांपूर्वी ते माझ्याच तोंडात होतं. त्यालाही कुणी त्याच्या वरच्याने सोमवारी म्हटलं असेल, कोण जाणे. पण ही पळवाट झाली. त्याला वरच्याने म्हटलं म्हणून तो मला म्हणाला असेल. मी मात्र त्या मुलाला आधीच म्हणाले होते, मला कुणी म्हणायच्या आधी.

शनिवारी अण्णांना फोन केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कान थोडे गेलेत, त्यामुळे घरातल्या अप्रेझलची बातमी अख्ख्या सोसायटीला कळेल अशा आवाजात सांगावी लागली. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो दर वर्षी विचारतात. "पण वाढ मिळाली का न्हाई?" मिळाली म्हटलं, सहा टक्के. "मग झालं की." मग मी ते शहाण्णव सालचं काढलं. मला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. आम्ही दोघं एका बाजूचे, वरच्यांनी कापलेले, असं काहीतरी. मी म्हटलं, "तुम्ही टेलला पाणी दिलं म्हणून तुमचा शेरा गेला ना अण्णा?"

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, कुठलीशी कीर्तनाची मालिका.

"सगळ्या टेलला कुठं दिलं," ते म्हणाले. "दोन गावं धरून ठेवली. तिसऱ्या वस्तीला पाणी पोचलं न्हाई त्या साली. वरच्याचं दार तीन रात्री मीच सोडलं हुतं, साहेबाचा निरोप आल्यावर. कुठंतरी तोडायलाच लागतं, पोरी."

"मग तिसरी वस्तीच का?"

"ती माणसं वरडत न्हवती," अण्णा म्हणाले. "बाकीची हापिसात यायची. ह्या वस्तीवरचा म्हातारा चारीवर भेटला तर मलाच पाणी विचारायचा, प्यायचं. दमला असशील, म्हणायचा." मग थोडं थांबून, "त्याची मका गेली."

मी काहीतरी औषधांचं विचारलं. गुडघ्याचं तेल संपलं का, वगैरे. ते म्हणाले, आहे अजून. मग त्यांनीच विचारलं, "तुज्या हाताखाली किती माणसं हायत आता?" सहा म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि पुढे काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटावं की वाईट, ते ठरवता येईना. फोन ठेवताना नेहमीसारखं म्हणाले, जेवून घे.

सोमवारी पोर्टलवरून आठवण करणारा मेल आला. माझं 'ॲक्नॉलेज' राहिलंय, शेवटची तारीख शुक्रवार. मी उघडलं. 'चर्चा झाली का?' याला 'हो'. 'तुमचे अभिप्राय' या रकान्यात क्रमांक घालून मुद्दे लिहायला घेतले, दिवाळीचे चार दिवस, अडीच वाजताचा फोन, सगळं. चांगलं जमत होतं. नऊशे अक्षरं झाली. मग मॅनेजर म्हणून माझ्या टीमचं काय झालंय ते बघायला दुसरा टॅब उघडला. पाच जणांपुढे पिवळा ठिपका, बाकी. मेल लिहिणाऱ्यानेसुद्धा अजून दाबलं नव्हतं, त्याची तयारी चालू असणार. एकापुढे हिरवा. मंगळवार, रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. म्हणजे ऑफिसातूनच, बिल्ड लावता लावता.

अभिप्रायाच्या रकान्यात त्याने एक ओळ लिहिली होती. इंग्रजीत, व्याकरण दोनदा तपासून लिहिलेली दिसत होती. मॅडमनी वेळ काढून समजावून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

त्याचं रेटिंग बदलण्याची मुदत मागच्या शुक्रवारी संपली आहे. मी तरीही एचआरला विचारणारा मेल लिहून ठेवलाय, ड्राफ्टमध्ये. बदलायचं तर त्याच्या जागी कुणाचं नाव, असा प्रश्न ते पहिल्या उत्तरातच विचारतील. वही परत डायनिंग टेबलावर आहे. मुलीने त्या पानावर, सहा नावांच्या खाली, फुलपाखरू काढून ठेवलंय.